गोगलगाय, मीठ आणि सव्वा गुंठा



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, त्याचं कारण माती. तुमच्यापैकी दोघीतिघींनी विचारलं होतं, की ते अलॉटमेंटचं काय झालं, मुलं रमली का, आणि एकीने अगदी सरळ विचारलं, "आपल्यात हे चालतं का गं?" त्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसले, खोडलं, पुन्हा बसले. आज जमेल तसं सांगते.

आधी अलॉटमेंट म्हणजे काय ते, कारण सांगली-कोल्हापूरकडच्या मैत्रिणींना हा शब्द ऐकून सरकारी क्वार्टर मिळाल्यासारखं वाटतं. इंग्लंडमध्ये गावाच्या कडेला कौन्सिलची जमीन असते, तिचे पट्टे पाडून लोकांना भाजीपाला करायला वर्षाच्या भाड्याने देतात. 1908 सालचा त्यासाठीचा कायदा अजून लागू आहे. पूर्ण पट्टा जुन्या मापाने दहा रॉड, म्हणजे साधारण अडीचशे चौरस मीटर. आमचा नंबर तीन वर्षांनी लागला आणि मिळाला अर्धा पट्टा. मी आनंदाने शिरोळला फोन लावला. अण्णा आयुष्यभर उसात राहिलेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती गुंठं?"

हिशोब केला तर सव्वा गुंठा.

"सव्वा गुंठ्याला भाडं देतीस?" म्हणाले, आणि आईला हाक मारून पुन्हा सांगून हसले.

तोवर आमची शेती खिडकीत होती. थोरली सात वर्षांची, धाकटा चार. लहान मुलांना वाट बघता येत नाही, म्हणून मी मेथीपासून सुरुवात केली होती. रात्री भिजवलेले दाणे सकाळी ट्रेमध्ये पसरायचे, वर बोटभर माती. तीन-चार दिवसांत हिरवी मान वर येते. धाकटा रोज उठल्याबरोबर ट्रे बघायचा आणि मग दात घासायचा. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी टोमॅटोने सुरुवात करू नका, एवढं माझं ऐका. मार्चमध्ये पेरलेला टोमॅटो ऑगस्टमध्ये लाल होतो, तोपर्यंत मूल एक इयत्ता पुढे जातं. आणि इथे मे संपेपर्यंत दहिवर पडायची भीती असते. मी घाईने मेच्या पहिल्या आठवड्यात रोपं बाहेर ठेवली, एका रात्रीत काळी पडली.

पट्टा मिळाला तो मार्चमध्ये. गुडघाभर गवत, त्यात एक मोडकी खुर्ची. शेजारच्या पट्ट्यावर एक निवृत्त बसड्रायव्हर आजोबा आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी स्वागत म्हणून कोंब आलेल्या बटाट्यांची पिशवी आणून दिली. मी घेतली. घ्यायला नको होती, पण नव्या शेजारी पहिल्याच दिवशी नकार कसा द्यायचा? घरी येऊन सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "घेतलीस ती घेतलीस, आता लावू नकोस." पुढच्या शनिवारी मी आजोबांना नीट समजावलं, की आम्ही जमिनीखालचं खात नाही, एका कंदात अनंत जीव मानतो, आणि तो उपटला की अख्खं रोपच जातं. त्यांनी टोपी मागे सारून विचार केला. मग एकेक विचारत गेले. वाटाणा? चालतो. बीन्स? चालतात. कांदा? नाही. गाजर? नाही. बीट? नाही. "देन व्हॉट ऑन अर्थ डू यू ईट," म्हणाले आणि स्वतःच हसले, कारण ऑन अर्थ हेच तर आमचं उत्तर होतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी रूबार्बचा गड्डा आणून दिला. त्याचे वर येणारे देठ खातात आणि झाड वर्षानुवर्षं तिथेच राहतं. पानं मात्र विषारी असतात, ते मुलांना आधी बजावलं. पहिल्या वर्षी देठ तोडायचे नसतात, त्यामुळे चव अजून कळलेली नाही. बटाटे पलीकडच्या पंजाबी ताईंना दिले.

आता खणणं. माझ्या यजमानांनी भाड्याने यंत्र आणून दोन तासांत सगळं उलटंपालटं करायचं ठरवलं होतं. त्याआधी बघू तरी म्हणून मी एका कोपऱ्यात कुदळ मारली. तिसऱ्याच घावाला गांडूळ दोन तुकडे होऊन वळवळायला लागलं. थोरली रविवारी ऑनलाइन पाठशाळेला बसते. एकेंद्रिय, द्वींद्रिय तिला पाठ आहेत. गांडूळ दोन इंद्रियांचं, मुंगी तीन, मधमाशी चार, हे ती आम्हालाच शिकवते. ती वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "आई, आता दोन झाली. म्हणजे आपण एक जीव वाढवला ना?"

तिला हो म्हणणं किती सोपं होतं. शाळेत कुणीतरी तिला तसं सांगितलंही होतं. पण ते खरं नाही. शेपटीकडचा तुकडा मरतोच, डोक्याकडचा जगला तर जगतो. मी सांगितलं. ती रडली नाही. तिने ते दोन्ही तुकडे ओल्या पानाखाली ठेवले, बाजूला बसून णमोकार म्हटला आणि मग मला विचारलं, "आता पुन्हा मारणार कुदळ?"

यंत्र आणलं नाही. इथे न खणता बाग करायची एक पद्धत आहे, नो डिग म्हणतात. सॉमरसेटच्या चार्ल्स डाउडिंग यांनी ती घरोघरी पोहोचवली. गवतावरच जाड पुठ्ठा अंथरायचा, तो भिजवायचा, वर चार ते सहा इंच कंपोस्ट पसरायचं आणि त्यातच रोपं लावायची. खालचं गवत उजेडाविना मरतं, पुठ्ठा कुजतो, आणि गांडुळं स्वतः माती भुसभुशीत करतात. गांडुळांच्या या कामावर डार्विनने 1881 साली अख्खं पुस्तक लिहिलं होतं. आम्ही सायकलच्या दुकानातून मोठी खोकी आणली. त्यावरची चिकटपट्टी सोलून काढायचं काम मुलांचं. लहान मुलांना एवढं मन लावून दुसरं काही करताना मी बघितलेलं नाही, घरी केराच्या खोक्यांवरचीही पट्टी निघायला लागली.

पण मी तुम्हाला ही अहिंसक शेती म्हणून विकत नाहीये. पुठ्ठ्याखाली गवत गुदमरूनच मरतं. तेही एकेंद्रिय आहेच. आणि पुठ्ठ्याखालच्या ओलाव्यात कोण राहायला येतं, ते जूनमध्ये कळलं.

त्याआधी पाण्याची गंमत. तिथे नळ नाही, सामायिक टाक्या आहेत, त्यात झारी बुडवून पाणी घ्यायचं. मे महिन्यात टाकीत डासांच्या अळ्या वळवळताना दिसल्या. थोरलीने काही न बोलता दुसऱ्या दिवशी घरातलं पाणी गाळायचं कापड आणलं, झारीच्या तोंडावर धरलं, पाणी गाळलं आणि कापड उलटं करून त्याच टाकीत खळबळलं. आजीला विहिरीवर असं करताना मी लहानपणी बघितलं होतं. या पोरीने कधीच बघितलेलं नव्हतं, पाठशाळेत ऐकलं होतं फक्त. बसड्रायव्हर आजोबांनी विचारलं, हे कशासाठी? ती म्हणाली, "दे लिव्ह हिअर." त्यांना डासांची पिल्लं वाचवण्यात काय शहाणपण आहे ते कळलं नसणार. खरं सांगायचं तर संध्याकाळी डास चावायला लागले की मलाही कळत नाही.

खतांचंही एक सांगते, कारण ते तुम्हाला उपयोगी पडेल. इथे बागेच्या दुकानात सगळ्यात सहज मिळणारं खत म्हणजे मासे, रक्त आणि हाडांची पूड. 'नैसर्गिक' म्हणून ते हिरव्या डब्यात असतं. थोरलीने लेबल मोठ्याने वाचलं म्हणून वाचलो. हाडांची पूड वेगळीही मिळते. आम्ही समुद्री शेवाळाचा अर्क घेतला, आणि कुजलेल्या खाजकुइलीसारख्या त्या इथल्या नेटलचं पाणी करून घातलं. वास असा येतो की त्या दिवशी बसने घरी यायची सोय नाही.

तर जून. मुलांनी घरात वाढवलेली सूर्यफुलाची दोन आणि रनर बीन्सची चौदा रोपं आम्ही शनिवारी लावली. रविवारी सकाळी गेलो तर बीन्सचे नुसते दांडे उभे. धाकट्याचं सूर्यफूल बुंध्याशी कुरतडून आडवं पडलेलं. त्या रोपाची तो रोज खिडकीत उंची मोजायचा. कवच नसलेली मोठी तपकिरी गोगलगाय, इथे तिला स्लग म्हणतात, पुठ्ठ्याच्या कडेला लपलेली होती.

तिथल्या लोकांनी उपाय सांगितले. बशीत बिअर ठेवा, त्यात पडून मरतात. म्हणजे मद्य आणि हत्या एकाच बशीत. मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्यांवर 2022 पासून इथे बंदी आहे, पण दुसऱ्या गोळ्या मिळतात. सूक्ष्म कृमी पाण्यातून सोडतात, ते गोगलगायीच्या आत शिरून तिला मारतात, त्यालाही 'सेंद्रिय'च म्हणतात. मी सगळ्यांना मान हलवून नको म्हटलं आणि मला वाटलं, विषय संपला.

मुलं मात्र ऐकत असतात. पुढच्या शनिवारी धाकटा फारच शांत होता. मी वाटाण्याच्या वेलांना काठ्या बांधत होते. वळून बघितलं तर तो उकिडवा बसलेला, समोर त्याचा छोटा टिफिनचा डबा उघडा, आणि त्यातलं मीठ तो चिमटीने एका स्लगवर टाकत होता. तिला फेस येत होता. ती आकसत होती, पिळवटत होती. ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, ज्यांनी बघितलं नाही त्यांनी बघू नका.

मी धावले आणि त्याच्या हातावर जोरात फटका मारला. डबा उडाला. त्याच्या मनगटावर माझी बोटं उमटली. तो कळवळून म्हणाला, "तिने माझं सूर्यफूल खाल्लं!" मी आणखी काहीतरी ओरडले, काय ते आठवत नाही, पण पलीकडच्या ताई उठून उभ्या राहिल्या एवढ्या मोठ्याने. स्लगवर मी झारीतलं पाणी ओतलं. ती वाचली नाही.

थोरली तेवढ्यात हळूच म्हणाली, "आई, तूपण मारलंस."

घरी येताना कुणी बोललं नाही. रात्री सामायिकाला बसले, पण मन लागेना. डोळे मिटले की फेस दिसे, उघडले की त्याचं मनगट. गेल्या क्षमावणीला याच ठिकाणी क्षमेवर लिहून तुमची शाबासकी घेतलेली मी. उठून त्याच्या खोलीत गेले. तो जागा होता. मी म्हटलं, "मी मारलं ते चुकलं. मला क्षमा कर." त्याने विचार केला. म्हणाला, "मी पण तिला सॉरी म्हणायचं का?" मी म्हटलं, म्हण. "पण ती मेली ना?" हो, मेली. मग तो भिंतीकडे वळून झोपला. माझ्याकडे यावर काही उत्तर नव्हतं, आजही नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांना फोन केला. सगळं सांगितलं. वाटलं, ते म्हणतील पोरं असतात, विसर. ते गप्प राहिले. मग म्हणाले, "हुमणीला काय केलं आपण, तुला ठाऊक आहे न्हवं?"

ठाऊक आहे. उसाच्या मुळाशी हुमणीची अळी लागली की उभा ऊस वाळतो. त्या वर्षी आम्ही चार एकरांना औषध पाजलं होतं. मरून वर आलेल्या पांढऱ्या अळ्या टिपायला बगळे उतरले होते आणि अण्णा त्यांना हाकलत दिवसभर उन्हात उभे होते, विष खाऊन तेही मरतील म्हणून. त्याच उसाच्या बिलातून माझी इंजिनिअरिंगची फी गेली. आपल्याकडे कितीतरी घरं अशी शेतीवर उभी आहेत. आदिनाथ भगवंतांनी असि, मसि, कृषी शिकवली, असं आपण अभिमानाने सांगतो. शेतीतली हिंसा ही उद्योगी हिंसा, गृहस्थाला ती पूर्ण सुटत नाही, हेही सांगतो.

"आम्ही पोटासाठी केलं," अण्णा म्हणाले. "तुमचं पोट काय त्या वाफ्यावर अडलंय?"

ते रागाने म्हणाले नाहीत. पण तेच सासूबाईंनी आधी वेगळ्या शब्दांत विचारलं होतं, की हा अनर्थदंड नाही का? रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्यांनी कारणाशिवाय जमीन खणणं, पाणी सांडणं, झाडं तोडणं याला प्रमादचर्या म्हटलं आहे आणि ती अनर्थदंडात धरली आहे. माझा सव्वा गुंठा कारणाशिवाय आहे का? दुकानातून भाजी आणली तर तिच्यासाठीही कुठेतरी जमीन नांगरली जाते, गांडुळं कापली जातात, फक्त मला दिसत नाहीत, असं मी म्हणू शकते. म्हटलंही. सासूबाई म्हणाल्या, "ते आहेच. म्हणून त्यात आणखी भर घालायची?" त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण माझ्या मुलांना त्या वाफ्यापर्यंत वाटाणा हिरव्या पिशवीत गोठलेला उगवतो असं वाटत होतं, आणि जीव हा शब्द त्यांनी फक्त वहीत लिहिला होता. मी पट्टा सोडला नाही. का नाही, याचं पूर्ण उत्तर देता येत नसलं तरी सोडला नाही.

त्यानंतर आम्ही काय केलं ते लिहिते. अंधार पडताना टॉर्च घेऊन जायचं आणि गोगलगायी हाताने वेचून बादलीत घ्यायच्या. जूनमध्ये इथे साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवण सूर्यास्ताआधी निवांत आटोपून मग निघायचं. मुलांना उशिरापर्यंत जागायला मिळालं, त्यांची चंगळ. सुरुवातीला आम्ही त्यांना दहा पावलांवरच्या कंपोस्टच्या ढिगाजवळ सोडत होतो. मग मी 2010 सालच्या एका प्रयोगाबद्दल वाचलं. बीबीसी रेडिओच्या हौशी वैज्ञानिकांच्या स्पर्धेत डेव्हनच्या रूथ ब्रूक्स नावाच्या आजींनी गोगलगायींच्या शंखांवर नेलपॉलिश लावून दाखवलं होतं, की त्या सोडलेल्या जागेहून घरी परत येतात. वीस मीटरच्या पुढे नेलं तर बहुतेक येत नाहीत.

माझी गुलाबी नेलपॉलिशची बाटली अशी संपली. शंखवाल्या अकराजणींना ठिपका लावला (थेंबभर, शंखाच्या माथ्यावर, अंगाला न लागता, हे थोरलीने बघितलं). तिसऱ्या रात्री दोन गुलाबी ठिपके लेट्यूसवर परत हजर. धाकटा आनंदाने ओरडला, "आल्या!" ज्यांच्यावर तो मीठ घेऊन निघाला होता त्यांच्याच येण्याचा त्याला आनंद. मग आम्ही कुंपणाच्या पार टोकाच्या झुडपात, साठ पावलांवर नेऊन सोडायला लागलो.

बाकीचं साधंच. पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घालायचं, म्हणजे रात्री जमीन ओली राहत नाही. रोप घरात वीतभर, जाड बुंध्याचं होईपर्यंत बाहेर लावायचं नाही. कडेला लेट्यूसची एक ओळ त्यांच्यासाठीच. अण्णा बांधावर ज्वारीचं एक ताट पाखरांसाठी सोडायचे, तसं. आणि रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2022 मध्ये गोगलगायींना कीड म्हणणं बंद केलं, हे मी बसड्रायव्हर आजोबांना सांगून आले. ते म्हणाले, त्यांच्या कोबीला सांगा.

सगळ्यात जास्त गोडी वाटाण्याची. एक दाणाही घरी पोहोचला नाही. शेंगेत जुलैकडे बारीक अळी असते, म्हणून आपल्या भाजी निवडायच्या नियमाने आधी उघडून, उजेडात बघून, मगच तोंडात. धाकट्याचा खेळच झाला. शेंग कानाशी धरून विचारायचा, "घरात कुणी आहे का?" असेल तर शेंग बंद करून बाजूला ठेवायची.

पालेभाज्यांचं गणित आपोआप जमलं. चातुर्मासात आमच्याकडे पालेभाजी बंद, आणि मेथी, कोथिंबीर, पालक तर आषाढ लागायच्या आत फुलावर येऊन संपलेच. कूर्जेटचं मात्र जमलं नाही. दशलक्षणाचे दहा दिवस आम्ही पट्ट्यावरून काहीच तोडायचं नाही ठरवलं, आणि भाद्रपदात कूर्जेटला कुणी सांगावं? काकडीएवढी होती ती अकराव्या दिवशी धाकट्याच्या हाताएवढी झाली. फाटकाशी एक टेबल असतं, हवं ते न्या असं. तिथे सात ठेवल्या, आजोबांनी दोन नेल्या.

बीन्सच्या शेंगाही त्या दहा दिवसांत निबर झाल्या. पुन्हा लावलेल्या रोपांपैकी नऊ जगली होती. त्या शेंगा वेलावरच वाळू दिल्या. ऑक्टोबरात सोलल्या तर आतून जांभळ्या-काळ्या ठिपक्यांच्या चकचकीत बिया. रात्रभर भिजवून, पाणी टाकून, चांगल्या खळखळून शिजवाव्या लागतात, कच्च्या बाधतात. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं चालत नाही तेव्हा त्यांची उसळ झाली, जिरं-हिंगाची फोडणी, खोबरं, वर लिंबू.

अण्णांना व्हिडिओवर दाखवल्या.

"किती झाल्या?"

"दोन वाट्या. त्यातली एक बियाण्याला ठेवलीय."

"आणि भाडं किती म्हणालीस?" एवढं बोलून हसले, मग धाकट्याला जवळ बोलवायला सांगितलं. एक बी कॅमेऱ्यासमोर धर म्हणाले. बराच वेळ बघत होते. "कीड न्हाई लागलेली," म्हणाले. "डब्यात कडुनिंबाचा पाला टाक." इथे कुठला कडुनिंब.

आता फेब्रुवारी आहे. सायकलच्या दुकानातून नवी खोकी आली आहेत, बैठकीच्या खोलीत रचून ठेवलीत, आणि धाकटा खाली बसून पट्ट्या सोलतो आहे. त्याच्या सूर्यफुलाच्या बिया त्याने यंदा स्वतः मोजून घेतल्या, तीन. मी विचारलं, तीन कशाला, तुला एकच हवं ना? एक माझं, म्हणाला, आणि दोन पुठ्ठ्याच्या कडेला लावणार आहे.